परिच्छेद सातवा

सुव्हाहून मेल येते रात्री अकराला.
तिथे तेव्हा उद्याची दुपार असते,
म्हणजे आमच्या देशाची भूमिका
मला नेहमी एक दिवस पुढून कळते.
आज ती अशी:
पाठिंबा. सूर संयत. कुणाचंही नाव घेऊ नये.
समुद्राचा उल्लेख शेवटी, वेळ उरल्यास.

मी उलामिला, द्वितीय सचिव.
न्यूयॉर्कमधला हा माझा चौथा हिवाळा.
आईने विणलेली केवड्याच्या पातीची चटई
हीटरपाशी ठेवली, तर कडा तडकल्या.
आता ती पलंगाखाली आहे, गुंडाळून.

इथे चिंतेलाही पायऱ्या आहेत.
साधी चिंता म्हणजे वर्तमानपत्र वाचलं.
तीव्र चिंता म्हणजे कुणीतरी मेलं.
अतितीव्र म्हणजे मेलेलं कुणीतरी
कुणाचं तरी होतं.
निषेध आम्ही जपून वापरतो,
लहान बेटावर गोडं पाणी वापरतात तसा.

सैनिक देणाऱ्या देशांची बैठक तळघरात.
मतं पंधरा जणांची, आणि ती वरच्या मजल्यावर.
त्यांत आम्ही सोळावेही नाही,
आम्ही फक्त माणसं देतो.

माझा भाऊ एमोसी
त्या सीमेवरच्या एका चौकीत आहे.
व्हॉइस नोटमध्ये आधी जनरेटर बोलतो, मग तो.
चिलखती गाडी ईस्टरपासून एका नळीसाठी उभी आहे.
पाण्याचा टँकर येतो, नाहीतर येत नाही.
तारेपलीकडे एक म्हातारी
रोज सकाळी त्याच्याकडे बघून ओरडते.
शिवी की आशीर्वाद, त्याला भाषा येत नाही.
तो हात हलवतो.
ही त्याची भूमिका.

मसुद्यात परिच्छेद सातवा:
शांतिसेनेने नागरिकांचं रक्षण करावं,
उपलब्ध साधनांच्या मर्यादेत.

मी बटण दाबलं, माइकचा लाल दिवा लागला.
अध्यक्षांचे आभार मानले. पाठिंबा दिला.
नळीचं नाव घेतलं नाही, टँकरचंही नाही.
ताकाला जाऊन भांडं लपवण्याला
आमच्या धंद्यात संयत सूर म्हणतात.
मग सूचनेत नसलेलं एक वाक्य बोलले:
शेवटचे तीन शब्द खोडावेत.

मागे कुणीतरी पेन खाली ठेवलं.

मसुदा ज्यांच्या हाती, त्यांचा तो तरुण
बाहेर कॉफीच्या यंत्राशी भेटला.
शिष्ट मुलगा, कफलिंकवर इवलीशी होडी.
म्हणाला, मॅडम, समजतं मला.
पण हे तीन शब्द गेले तर दोन देश जातात,
दोन देश गेले तर ठराव जातो,
आणि ठराव गेला तर तुमचे लोक
तिथे कुठल्या नात्याने उभे राहणार?
नाणं अडकलं होतं. त्याने यंत्राला
हलकेच एक बुक्की मारली. कप आला.
तो त्याने मला दिला.

समुद्र राहूनच गेला. वेळ उरला नाही.

गुरुवारी वर हात उठले.
चौदा. एक तटस्थ.
मी भिंतीकडच्या रांगेतून मोजले,
लहानपणी खडकावर बसून
परतणाऱ्या होड्या मोजायचो तसे;
तेव्हा आकडा जुळला की आई उठायची
आणि चुलीकडे जायची.
इथे लोक हस्तांदोलन करतात.
तीन शब्द जागेवर होते.

रात्री फोन लागला.
किती, त्याने विचारलं.
सहा महिने.
जनरेटर बराच वेळ बोलत राहिला.
मला वाटलं, सांगावं त्याला,
की मी तीन शब्दांसाठी उभी राहिले होते.
पण त्याचं काय करणार होता तो,
कुठे ठेवणार होता?

मग बूट पाठव, तो म्हणाला.
इथले चालत नाहीत, बोटं आवळतात.

हाताशी दुसरा कागद नव्हता.
परिच्छेद सातच्या समासात
मी लिहून घेतलं:
दहा नंबर. रुंद.